सिंधुदुर्गात सात रात्री : आधी तिथी, मग खोली

सिंधुदुर्गाची चैनीची सहल आखणारे बहुतेक जण आधी खोली बघतात. तारकर्लीला समुद्रासमोरची खोली, एक दिवस स्कूबा, एक दिवस किल्ला, दोन वेळा सुरमई थाळी, की परतीची गाडी. यात वाईट काही नाही. फक्त गावातल्या एकाही माणसाशी बिलापलीकडचं बोलणं झालेलं नसतं. हातात पैसा आणि आठ दिवस दोन्ही असतील, तर खोलीच्या आधी पंचांग उघडावं. इथलं बसून अनुभवण्यासारखं जे काही आहे ते जत्रेच्या तिथीवर, भरती-ओहोटीवर आणि कारागिराचा हात कधी मोकळा आहे यावर चालतं, आणि यातलं काहीच आपल्या बुकिंगसाठी थांबत नाही. पैशाने आपल्याला त्यांच्या तालावर राहता येतं, एवढंच. म्हणजे रात्रभर देवळाबाहेर उभी राहणारी गाडी, जागरणानंतरचा अख्खा रिकामा दिवस आणि चित्रकाराची पूर्ण दुपार.

उत्तम आठवडा म्हणजे कार्तिक शुद्ध त्रयोदशी ते कार्तिक वद्य पंचमी. तुळशीची लग्नं पौर्णिमेपर्यंत चालू असतात, त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि वद्य तृतीया ते पंचमी खाडीची ओहोटी सकाळच्या सोयीच्या वेळी येते. त्या वर्षी एखादी तिथी क्षयाची (गळलेली) किंवा वृद्धीची (दोन दिवस आलेली) आहे का तेवढं बघून घ्या, म्हणजे इंग्रजी तारखा चुकत नाहीत. अधिक मास होऊन गेलेल्या वर्षी त्रिपुरी उशिरा येते आणि हवाही जास्त सुखाची असते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २४ नोव्हेंबरला आहे. ज्या वर्षी ती नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच येते, त्या वर्षी परतीच्या पावसाची एखादी सर आणि बराच घाम गृहीत धरा.

पहिल्या चार रात्री सावंतवाडीत, पुढच्या तीन परुळे-भोगवे-निवती या समुद्रकाठच्या पट्ट्यात. याहून जास्त वेळा बॅगा उचलू नयेत.

यायचं तर कोकणकन्येचा पहिला वर्ग अजूनही सगळ्यात आरामाचा. रात्री मुंबईत झोपायचं, सकाळी सावंतवाडी रोडला उतरायचं. हे स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तेव्हा गाडी आधी सांगून ठेवावी. वंदे भारत झकास आहे, पण ती कणकवलीला थांबते, तिथून पुढे रस्त्याने यावं लागतं. विमानाने यायचं तर गोव्याचं मोपा सोयीचं. चिपीचा विमानतळ परुळ्याच्या उशाशी आहे खरा, पण त्याच्या भरवशावर आठवडा आखू नये.

गाडी आणि चालक आठही दिवस एकच ठेवा, जत्रेची रात्र सोडून. त्या रात्रीसाठी दुसरा चालक सांगा. पहाटे पाचपर्यंत जागलेला माणूस सकाळी नऊला घाटरस्त्यावर गाडी चालवायला बसला, तर ती चूक त्याची नसते, आखणी करणाऱ्याची असते. रात्रीचा भत्ता आणि चालकाची झोपायची जागा या दोन गोष्टी ठरवतानाच बोलून घ्याव्यात.

सावंतवाडीत मोती तलावासमोर राजवाडा आहे, आणि त्याच्याच आवारात मोजक्या खोल्यांचं हॉटेल. खोल्या कमी असल्यामुळे त्रिपुरीच्या आठवड्यासाठी तीन-चार महिने आधी विचारावं. इथे राहण्याचं खरं कारण पलंग किंवा न्याहारी नव्हे, दरबार हॉलमध्ये चित्रकार बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या धाटणीचे गोल पत्ते, रंगवतात हे आहे. गंजिफेची कला मरणपंथाला लागलेली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली. राजा-राणी जमिनीवर बसून चिताऱ्याकडून शिकले, हे लक्षात ठेवून तिथे गेलं की आपणही जरा कमी बोलतो.

दशावतारी गंजिफेत गोल पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते. तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस. हुकूम नाही. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. नवशिक्यांची गाडी अडते ती दुसरीकडेच : निम्म्या रंगांत वजिराखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. शिवाय गोल पत्ते पंख्यासारखे हातात धरायची आपल्याला सवय नसते. चाळीस पत्ते एकदम धरायला गेलात की अर्धे मांडीवर. म्हणून पहिला तास फक्त रंग ओळखण्यात घालवावा, पार्श्वभूमीच्या रंगावरून आणि मासा, कासव, परशू अशा खुणांवरून. मग एखादा डाव. तीन तास मोकळे ठेवले नाहीत तर शिकवणारा आणि शिकणारा दोघंही चिडतात.

संच विकत घ्यायचा असेल तर छापील की हाताने रंगवलेला, हे सरळ विचारा. कुणी रागावत नाही. तपासायचं तर एकाच रंगाची पंजी आणि छक्की शेजारी धरा. हाताच्या कामात प्रत्येक खुणेचा फटकारा किंचित वेगळा असतो, छापलेल्यात सगळ्या खुणा जुळ्या बहिणी. पूर्ण संच म्हणजे १२० स्वतंत्र चित्रं, त्यामुळे हातासरशी मिळेलच असं नाही. हवा असेल तर येण्याआधी दोन-तीन महिने मागणी नोंदवावी, अर्धी रक्कम तेव्हाच द्यावी आणि आल्यावर शेवटचा हात फिरताना बघावं. आपल्या घराण्याचं चिन्ह, बाळाचं नाव, कंपनीचं बोधचिन्ह वगैरे पत्त्यांवर घालून मागू नका. ते करूनही देतील, पण मग तो गंजिफा राहत नाही, लग्नातली परतभेट होते.

चितारआळी पायी पायी बघावी, सकाळी. लाकडी फळं, भाज्या, पाट, देव्हारे. खेळण्यांचं जुनं लाकूड पांगाऱ्याचं. हलकं, मऊ, कोरायला सोपं. वस्तू हातात घेऊन वजन बघा आणि जोडाच्या जागी नखाने चाचपून बघा. नीट न वाळलेलं लाकूड पुण्याच्या उन्हाळ्यात किंवा परदेशातल्या हीटरच्या खोलीत तडकतं.

त्रयोदशी-चतुर्दशीच्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. ज्या घराशी ओळख निघेल, म्हणजे चालकाचं घर, हॉटेलातल्या काकींचं घर, तिथलं तुळशीचं लग्न बघायला जावं. आमंत्रण मागावं लागत नाही, "आज तुमच्याकडे तुळशीचं लग्न आहे का?" एवढं विचारलं तरी पुरतं. ऊस, आवळे, चिंचा, अंगणातला सारवलेला ओटा, आणि मंगलाष्टकं म्हणायला जमलेली वाडीतली पोरं. जाताना मिठाईचा भारी खोका नेऊ नका. नारळ, फुलं आणि पोरांसाठी फुलबाज्या नेल्या की आपण शोभतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पिंगुळी. कुडाळला लागूनच हे गाव. इथले ठाकर कलाकार चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ची पद्मश्री मिळाली. त्यांनी गोठ्याच्या जागेत उभं केलेलं ठाकर आदिवासी कला आंगण बघायला लोक सकाळी अकराला येतात आणि अर्ध्या तासात निघतात. छायाबाहुल्यांना काळोख लागतो, सकाळी अकराला त्या दाखवायच्या कशा? चारच्या सुमारास पोचा, उजेडात चित्रकथीची पानं बघा, आणि दिवेलागणीनंतर पडद्यासमोर बसा. वेळ आधी फोनवर ठरवून घ्यावी, आणि मानधनही. तिकिटासारखा माणशी दर विचारू नका, एका प्रयोगाचे किती ते विचारा. तुम्ही दोघं असा की दहा, मागे बसणारे हात तेवढेच लागतात.

चित्रकथीची पोथी म्हणजे सुटी पानं, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. कथेकरी एक पान उभं धरून गातो, पान बदलतो, आणि साथीला वीणा, टाळ, हुडूक. "थोडक्यात सांगा" ही सूचना पाहुण्यांकडून फार वेळा येते. तिने सगळा मजा जातो, कारण कथा गाण्यातून पुढे सरकते आणि गाणं कापलं की हातात नुसती पानं राहतात. त्यापेक्षा एकच प्रसंग मागावा आणि तो पूर्ण ऐकावा.

आता जत्रा. आठवड्याचा गाभा हाच.

सावंतवाडीजवळ सोनुर्लीला माउलीची जत्रा त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी असते, लोटांगणांसाठी प्रसिद्ध. गर्दी प्रचंड. भाविक म्हणून जायचं तर जरूर जा, पण दशावतार, म्हणजे जत्रेत देवळात रात्रभर चालणारं लोकनाट्य, नीट बघायचा असेल तर मला विचाराल तर छोट्या गावची जत्रा निवडा. कार्तिक-मार्गशीर्षात रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात असतेच. कुठल्या गावी कुठली दशावतारी नाटक कंपनी येणार हे बऱ्याच ठिकाणी परंपरेने ठरलेलं असतं. चालकाला, पानवाल्याला, देवळाच्या पुजाऱ्याला विचारा, तिघांचं उत्तर जुळलं की ते खरं.

दशावतारातल्या संवादांना लिहिलेली संहिता नसते. कथानक कलाकारांत आधी बोलून घेतलेलं असतं, बाकी सगळं उभ्याउभ्या. बायकांच्या भूमिका पुरुष करतात, चेहरा प्रत्येक जण आपला आपण रंगवतो. संगीत म्हणजे पायपेटी, मृदंग आणि झांज. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, मध्यरात्रीच्या आसपास सुरुवात होते. आधी आडदशावतार : गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला संकासुर मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. त्यानंतर आख्यान. पहाटे दहीकाला, हंडी फुटते आणि रात्र संपते.

पाहुण्यांचं गणित इथे चुकतं. ते साडेनऊला येतात, दोन तास ताटकळतात, आडदशावतार संपेपर्यंत कंटाळतात आणि आख्यानाला रंग चढायच्या सुमारास हॉटेलवर परततात. उलटं करावं. दुपारी तीन तास झोप काढा, हलकं जेवा, साडेदहाला निघा. पालखी चुकवू नका. मग देवळाच्या मागे कलाकार रंगत असतात तिथे, परवानगी विचारून, दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. समोरून फ्लॅश मारू नये. डोळ्याला काजळ लावणारा हात हलला की सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो. आख्यानाची कथा कंपनीच्या मालकाला आधीच विचारून ठेवा आणि सोबतच्या अमराठी पाहुण्यांना गाडीतच सांगून टाका. प्रयोग चालू असताना कानात भाषांतर करत बसलं की शेजारचे लोक वळून बघतात, आणि ते बरोबरच आहे.

सोबत न्यायच्या वस्तू : चटई, शाल (दंव पडतं आणि देऊळ उघडं असतं), टॉर्च, पाणी, सुटे पैसे. खुर्ची मागू नका. दिली तर वयस्करांनी बसावं. जत्रेत मालवणी खाजा घ्या, गूळ-आल्याचा. गरम भजी चालतात, पण रात्री दोनची जिलबी विचार करून. जत्रेच्या दिवशी पुष्कळ घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं, म्हणून त्या दिवशी गावातल्या यजमानांकडे मासे मागू नयेत.

देवळात नारळ ठेवला की पुजारी तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. नाव, गाव, काय मागणं आहे ते विचारतील. ओळीच्या शेवटी सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, तुम्हीही म्हणा. हसू नका, आणि व्हिडिओ काढायचाच तर आधी मानकऱ्यांना विचारा. इथे भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न करतो तो "गाव खंयचो?" हा. मुंबई, पुणे किंवा न्यू जर्सी हे त्याचं उत्तर नव्हे. आजोबांचं गाव, असलं तर कुलदैवत, हे सांगितलं की गप्पा सुरू होतात. मालवणी येत नसेल तर तिची नक्कल करू नका, साधं मराठी सगळ्यांना कळतं.

काही ठिकाणी हॉटेलच्या हिरवळीवर चाळीस मिनिटांचा दशावतार ठेवतात. कलाकारांना पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आडदशावतार कापलेला, दिवे भगभगीत, प्रेक्षक जेवत असलेले. संवाद उभ्याउभ्या रचणाऱ्याला समोरच्या हशातून पुढचं वाक्य सुचतं. हिरवळीवर तो हशा कुठून आणायचा? कंपनीला मदतच करायची असेल तर पहाटे मालकाला भेटून बक्षीस द्या, किंवा एखाद्या वाडीतल्या सत्यनारायणाला पूर्ण प्रयोगाचा खर्च उचला. हंगामात त्यांच्या रात्री भरलेल्या असतात, म्हणून हे पुढच्या वर्षासाठी बोलावं.

दुसरा दिवस रिकामा. अगदी रिकामा. दुपारी जेवून समुद्राकडे निघा. वाटेत वेळ असेल तर धामापूरचा तलाव, १५३०चा, आणि त्याच्या काठचं भगवतीचं देऊळ. आंबोलीचा मोह या दिवसांत टाळावा. ६९० मीटरवरचं ते जंगल पावसाळ्यातलं, बेडकांसाठी आणि सापांसाठी रात्री टॉर्च घेऊन हिंडायचं. त्यासाठी जुलैत वेगळं या.

किनाऱ्यावर घर निवडताना मालकाला तीन गोष्टी फोनवर विचारा. घरातली माणसं त्याच आवारात राहतात का. सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळेल का. आणि उद्या मासा कुठला असेल. "सुरमई, पापलेट, कोळंबी, सगळं आहे" असं उत्तर आलं तर फोन ठेवा, तो शीतकपाटातून बोलतोय. "उद्या काय गावता ता बघू" म्हणणारा आपला माणूस. वीज गेल्यावर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का हेही विचारून घ्यावं, वातानुकूलन बहुधा चालत नाही.

भरतीचा हिशोब जुनाच वापरावा : पंधरवड्यातल्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, पंचमीला पावणेचार, दिवसा आणि रात्रीही. त्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे तृतीयेला सकाळी साडेआठच्या आसपास, पंचमीला दहाच्या. पौर्णिमेच्या उधाणानंतरचेच हे दिवस, त्यामुळे पाणीही चांगलं मागे हटलेलं असतं. याच वेळी खाडीत बायका तिसऱ्या, मुळे असे खायचे शिंपले वेचायला उतरतात. यजमानीणबाईंच्या ओळखीने त्यांच्यासोबत जावं, ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी. अनवाणी उतरू नका, कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. रबरी तळाचे घट्ट बूट हवेत, चपला चिखलात राहतात. वेचलेलं आपलं म्हणून घेऊन येऊ नये. त्यांच्या बाजारभावाने त्यांच्याकडूनच विकत घ्यावं, कारण तो त्यांचा त्या दिवसाचा रोजगार आहे.

रापण मात्र ठरवून बघता येत नाही. मासळीचा थवा दिसला की जाळं होडीतून अर्धगोलात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात, त्यात काही तास जातात. म्हणूनच समुद्रकाठी तीन रात्री. एका सकाळी नाही तर दुसऱ्या सकाळी दिसेल. दोराला हात लावायचा तर विचारून, आणि एकदा लावला की सेल्फीपुरता नव्हे, जाळं वर येईपर्यंत. ओढणाऱ्यांना वाटा असतो, तो देऊ केला तर यजमानांच्या घरी पाठवा.

जेवणात एक दिवस शिरवाळ्यांसाठी राखा. उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ शिजवून मळायचं, उंडे करून ते पुन्हा उकळायचे, तरंगले की गरम गरमच साच्यात घालून दाबायचे. उंडा निवला की साचा हलत नाही आणि शेवया तुटतात, म्हणून एक जण काढणारा, एक दाबणारा असे दोघं लागतात. पाहुण्याने दाबायला उभं राहावं, ताकदीचं काम आहे. वर नारळाचा गुळातला रस. खापरोळ्या किंवा वडे-सागोती हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारी सांगा, पीठ रात्रभर राहावं लागतं. सकाळी सांगून दुपारी मिळालेले वडे चामट होतात आणि दोष सुगरणीला जातो.

पैशांचं : रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून शंभर आणि पाचशेच्या नोटा ठेवा. कारागिराचे पैसे कारागिराच्या हातात द्या, चालकाला किंवा हॉटेलला मध्ये घालू नका. चालकाचं कमिशन तुटेल असं वाटत असेल तर त्याला वेगळं आणि उघड द्या. शेवटच्या दिवशी ज्यांचे फोटो काढले त्यांचे पूर्ण पत्ते पिनकोडसकट लिहून घ्या आणि छापील प्रती टपालाने पाठवा. फोनवर पाठवलेला फोटो आजींपर्यंत पोचत नाही, नातवाच्या फोनमध्येच राहतो. परतीच्या सामानात कोकमाचं आगळ नेऊ नका, बाटली हमखास गळते आणि डाग जात नाही. आमसुलं न्या, आणि तिरफळं कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, नाहीतर गंजिफेच्या पेटीला वर्षभर बांगड्याच्या कढीचा वास येईल.